अधिक-उणे पाच टक्के



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हाडाचे शिक्षक होते. वर्गात एखाद्या मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला, की "बघून सांगतो" असे म्हणण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. आजचे पुष्प गुंफण्याचे निमंत्रण आले तेव्हा मला विषय सुचला तो यावरूनच. आपल्या ज्ञानाला हद्द आहे हे मान्य करून माणसाला समाधानाने जगता येते का, असा तो विषय. पत्रिकेवर हे वाचून काही जणांना आज वेदान्त ऐकायला मिळेल असे वाटले असेल. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवले. त्यामुळे बोलणार आहे ते पावसाबद्दल. या विषयाला त्याच्याइतका चांगला गुरू आपल्याकडे दुसरा नाही.

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला दिल्लीहून हवामान खात्याचे पत्रक निघते. यंदाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के पडेल, असे त्यात लिहिलेले असते. संध्याकाळपर्यंत तो आकडा घराघरांत पोहोचतो. शेअर बाजार त्यावर हलतो आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर त्याचीच चर्चा रंगते. त्या आकड्यालगत आणखी काही शब्द छापलेले असतात. या अंदाजात अधिक-उणे पाच टक्क्यांची चूक संभवते, असे ते शब्द. पत्रकातला सर्वांत प्रामाणिक भाग हाच. पण बातमीत तो बहुधा गळतो आणि छापला तरी कोणी वाचत नाही. आजचे व्याख्यान त्या न वाचलेल्या शब्दांवर आहे.

या शब्दांपर्यंत पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाखा दुष्काळात होरपळला. त्याच्या तोंडावरच, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खाते स्थापन झाले होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख होते. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडले, की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असे त्यांच्या लक्षात आले. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी त्यांनी मोसमी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घ पल्ल्याचा अंदाज दिला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी बर्फाला इतर खुणांची जोड दिली, अंदाजाची पत्रके लांबलचक झाली आणि खात्याचा आत्मविश्वासही वाढला. मग १८९९ साल उजाडले. पावसाने देशभर दगा दिला आणि ज्याला उत्तरेत अजून 'छप्पनिया' म्हणतात तो दुष्काळ पडला. खात्याला त्याची चाहूल लागली नव्हती.

पुढची गोष्ट गिल्बर्ट वॉकर यांची. १९०४ मध्ये ते खात्याचे प्रमुख झाले. मूळचे केंब्रिजचे गणिती. बूमरँग हवेत कसे वळते याचा अभ्यास केल्याने मित्रमंडळींत त्यांचे नावच बूमरँग वॉकर पडले होते. हवामानशास्त्राशी त्यांचा तोवर काही संबंध नव्हता. हवेच्या हालचालींची समीकरणे सोडवून पाऊस सांगणे त्या काळी शक्य नाही, हे या गणितज्ञाने लगेच ओळखले आणि दुसरी वाट धरली. जगभरातल्या केंद्रांचे हवेचा दाब, तापमान, पाऊस आणि नद्यांचे पूर यांचे आकडे त्यांनी मागवले. कारकुनांची फौज बसवून, त्यातल्या कशाचा कशाशी मेळ बसतो हे वर्षानुवर्षे हाताने मोजून काढले. त्यातून त्यांना दिसले, की प्रशांत महासागरावर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि हा खेळ उलटसुलट चालू राहतो. त्याला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. १९२४ मध्ये ते भारतातून परत गेले तेव्हा मोसमी पावसाचा खात्रीचा अंदाज काही हाती आलेला नव्हता. मात्र पृथ्वीच्या हवामानातली एक फार मोठी घडामोड हाती आली होती. पुढे १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी तिचा पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र तापतो त्या एल निनोशी संबंध जोडून दाखवला आणि प्रशांत महासागरावरच्या त्या वायुचक्राला वॉकर यांचेच नाव दिले.

वॉकर यांच्या काही वर्षांनंतर खात्याची सूत्रे चार्ल्स नॉर्मंड यांच्याकडे आली. निवृत्तीनंतर या साऱ्या खटाटोपाचा आढावा घेताना त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. भारतीय मोसमी पाऊस नंतरच्या महिन्यांत जगात इतरत्र काय होईल हे बऱ्यापैकी सांगतो, पण त्याच्या स्वतःबद्दल आधी सांगणारे फारसे कोणी सापडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आयुष्य खर्ची घातलेल्या प्रश्नाबद्दल माणसाने किती शांतपणे बोलावे! त्या बोलण्यात हार नाही, कडवटपणा नाही. पन्नास वर्षांच्या कामाचा तो एक निष्कर्ष आहे आणि तो निष्कर्षासारखाच मांडलेला आहे.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या चौकाला त्यामुळे 'सिमला ऑफिस' हे नाव चिकटले ते कायमचे. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली. १९८७ च्या दुष्काळानंतर डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप मांडले. १९८८ मध्ये ते पहिल्यांदा वापरले, पाऊस भरपूर झाला आणि गोवारीकरांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. सोळांपैकी किती घटक अनुकूल आहेत हे लोक क्रिकेटच्या धावसंख्येसारखे विचारू लागले. २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळ पडला नाही आणि प्रारूपानेही तो सांगितला नाही. सगळे सुरळीत चालले होते.

२००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्क्यांचा. प्रत्यक्षात पाऊस पडला ८१ टक्के. जुलै महिना, म्हणजे पेरण्या तगण्याचा महिना, सरासरीच्या सुमारे निम्म्यावर गेला. त्याआधी १९९७ मध्ये, आपल्या पावसाला मारक समजल्या जाणाऱ्या एल निनोंपैकी शतकातला एक मोठा आला होता, सगळ्यांचे धाबे दणाणले होते आणि पाऊस झाला होता १०२ टक्के. म्हणजे ज्या वर्षी भ्यायला हवे होते त्या वर्षी काही झाले नाही, आणि ज्या वर्षी निर्धास्त होतो त्या वर्षी घात झाला.

अशा वेळी वर्तमानपत्रांतून जे व्हायचे ते झाले. व्यंगचित्रे आली, हवामान खात्याच्या अंदाजावरचे सगळे जुने विनोद पुन्हा छापले गेले. पण त्या गदारोळात एक काम शांतपणे झाले, ते मला फार मोलाचे वाटते. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह खात्याचे १९३२ पासूनचे अंदाज तपासले. अशा सांख्यिकी प्रारूपांची अचूकता सात दशकांत सुधारलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. १९९७ आणि २००२ चे कोडेही त्यांनी पुढे नेले. विषुववृत्तीय हिंदी महासागरावर पश्चिमेकडे ढग दाटतात की पूर्वेकडे, यालाही महत्त्व आहे. १९९७ मध्ये ते चक्र आपल्या बाजूने होते आणि २००२ मध्ये विरुद्ध, असे त्यांनी दाखवले. म्हणजे एकाच अभ्यासकाने 'आपल्याला येत नाही' हेही सांगितले आणि 'आता एवढे कळले' हेही सांगितले. ही दोन वाक्ये एकाच तोंडी शोभतात. किंबहुना पहिले म्हणण्याची हिंमत असेल त्याच्याच दुसऱ्यावर मी विश्वास ठेवीन.

आता कोणी म्हणेल, उपकरणे कमी होती, संगणक लहान होते, उद्या मोठे आले की सगळे कळेल. २०१८ मध्ये पुण्यात 'प्रत्यूष' हा महासंगणक आला आणि अंदाज निश्चितच सुधारले. पण मोठ्या संगणकालाही ओलांडता येत नाही अशी एक रेषा आहे, आणि तिचा शोध संगणकावरच लागला.

१९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचे एक साधे गणिती प्रारूप चालवून पाहत होते. आधी चालवलेला एक भाग त्यांना पुन्हा पाहायचा होता. वेळ वाचावा म्हणून त्यांनी सुरुवातीपासून न करता मधल्या एका टप्प्यावरचे छापील आकडे यंत्राला दिले आणि ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तो नवे हवामान थोडा वेळ जुन्यासारखे चालले होते, मग फाटे फुटत गेले आणि शेवटी दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. यंत्र बिघडले नव्हते. यंत्राच्या आत आकडा होता ०.५०६१२७ आणि कागदावर जागा वाचवण्यासाठी छापला होता ०.५०६. एवढ्याशा फरकाने काही महिन्यांचे हवामान बदलून गेले. १९६३ मध्ये त्यांनी हे शोधनिबंधात मांडले आणि १९७२ च्या एका भाषणाच्या शीर्षकातून, पंखांच्या फडफडीने दूरवर वादळ उठवू शकेल का असे ज्याच्याबद्दल विचारले, ते ब्राझीलमधले फुलपाखरू जगभर गेले.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. १८१४ मध्ये लाप्लास यांनी असे म्हटले होते, की विश्वातल्या प्रत्येक कणाची आजची स्थिती जाणणारी एखादी बुद्धी असेल, तर तिला सारे भविष्य डोळ्यांपुढे दिसेल. लॉरेन्झ यांच्या प्रारूपात नियम पूर्णपणे ठरलेले होते, नशिबाला कुठेच जागा नव्हती, तरीही भविष्य सांगता येत नव्हते. कारण आजची स्थिती आपण नेहमी काही दशांशांपर्यंतच मोजतो आणि उरलेला भाग वाढत जातो. दैनंदिन हवामानासाठी ही मर्यादा साधारण दोन आठवड्यांची मानतात. बारा जुलैला आपल्या गावात दुपारी पाऊस पडेल का, हे पहिल्या जूनला सांगणारा माणूस एक तर चमत्कार करतो आहे किंवा थाप मारतो आहे. चमत्कारांवर माझा विश्वास नाही.

जागेच्या बाबतीतही तेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत, त्याच दिवशी, कुलाब्याच्या वेधशाळेत ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. कुलाब्याच्या माणसाने खिडकीतून बाहेर पाहून मुंबईचा अंदाज बांधला असता तर काय झाले असते, याची कल्पना करा.

म्हणजे आपल्या न कळण्याचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार कष्टाने कमी होतो. समुद्रात जास्त बोयरे टाकले, रडार बसवली, पर्जन्यमापके वाढवली, की तो मागे हटतो. दुसरा प्रकार सृष्टीच्या घडणीतच आहे. तो कष्टाने हटत नाही. पहिल्याला दुसरा समजणे हा आळस, आणि दुसऱ्याला पहिला समजणे हा उर्मटपणा. समाधान मिळते ते समोर आलेला प्रश्न यांपैकी कोणत्या बाजूचा आहे हे ओळखता आल्यावर. तसे ओळखता आले नाही, की माणूस एक तर सुटणाऱ्या प्रश्नापुढे हात टेकतो किंवा न सुटणाऱ्या प्रश्नावर डोके आपटत बसतो.

आणि गंमत अशी, की मर्यादा मान्य केल्यावरच हवामानशास्त्राने मोठी झेप घेतली. दोन आठवड्यांनंतरचा नेमका दिवस सांगता येत नसेल, तर संपूर्ण ऋतूच्या कलाबद्दल काही सांगता येईल का, हा प्रश्न वेगळा आहे हे लक्षात आले. समुद्राच्या पृष्ठाचे तापमान सावकाश बदलते आणि उष्ण कटिबंधातला ऋतू त्याच्या तालाने बराचसा चालतो. म्हणून मोसमी ऋतूच्या एकूण पावसाबद्दल काही आधीच सांगण्याची शक्यता आहे, असे जूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये मांडले. दुसरे पाऊल असे पडले, की प्रारूप एकदाच चालवून एक उत्तर घेण्याऐवजी सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फेरफार करून ते अनेकदा चालवायचे. उत्तरे एकमेकांच्या जवळ आली तर ठामपणे सांगायचे, विखुरली तर तेही सांगायचे. १९९२ पासून युरोप-अमेरिकेत हे रोजच्या कामात आले. अज्ञान किती आहे हे मोजण्याचेच ते तंत्र आहे.

त्याचा उपयोग काय, हे ओडिशाला विचारा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ मध्ये गोपाळपूरजवळ 'फायलीन' धडकले तेव्हा किनाऱ्यावरची सुमारे दहा लाख माणसे आधीच हलवली होती आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. वादळाच्या नकाशावर एक रुंदावत जाणारा पट्टा काढलेला असतो; वादळ यात कुठेही जाऊ शकते, असे तो सांगतो. संपूर्ण पट्ट्यातली माणसे हलवली म्हणून ती वाचली. नेमके गाव कळण्याची वाट पाहिली असती तर उशीर झाला असता.

मग लोकांना नेमके उत्तरच का हवे असते? अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती धान्ये ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे ती कशी विखुरली ते पाहतात आणि पाऊस, पीक, इतकेच काय राजाची गादीदेखील सांगतात. ती ऐकायला विदर्भातून शेतकरी जमतात. पंचांगात मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांना वाहने दिलेली असतात. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस बरा, असे आपण आजोबांकडून ऐकलेले असते. यामागे काही विज्ञान नाही. पण यांना हसून विषय संपवणे मला पटत नाही. बियाणे आणि खत उधारीवर आणून ज्याने सगळे जमिनीत टाकले आहे, त्याला 'अधिक-उणे' नको असते, 'हो' किंवा 'नाही' हवे असते. ती मागणी भीतीतून येते, मूर्खपणातून येत नाही.

आणि इथे मला स्वतःच्याच विषयावर एक आक्षेप घेतला पाहिजे. अनिश्चिततेचा स्वीकार करा, समाधानाने राहा, हे या सभागृहात पंख्याखाली बसून म्हणणे फार सोपे आहे. अंदाज चुकला तर शास्त्रज्ञाचा पगार थांबत नाही. दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. ज्याच्या पदरात चुकीची किंमत पडते त्याला समाधानाचा उपदेश करणे हा अन्याय आहे. म्हणून समाधान ही एकट्याच्या मनाची बाब ठेवून चालणार नाही. चुकीचा भार वाटून घेणारा पीक विमा, वेळेवर मिळणारे कर्ज, गावाजवळचे पर्जन्यमापक, गोदामात राखीव धान्य, ही सगळी समाजाने मिळून केलेली समाधानाची तजवीज आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याने ही तजवीज स्वतःपुरती कधीच केली होती. कपाशीच्या ओळींत तूर लावायची. पाऊस लवकर गेला तरी खोलवर मुळे गेलेली तूर काही देऊन जाते. ज्वारी पेरायची; दाणा हुकला तरी कडबा जनावरांना होतो. मृग लागला म्हणून घाई न करता जमिनीत ओल किती खोल गेली आहे ते उकरून पाहायचे आणि मग पाभर धरायची. आज कृषी विद्यापीठेही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असेच सांगतात. या सगळ्या रीतींत पुढे काय होणार हे कळत नाही हे गृहीत धरलेले आहे. ज्या डॉ. गाडगीळांचा मघाशी उल्लेख केला, त्यांनी आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या भुईमुगाच्या पट्ट्यात याच दिशेने काम केले. यंदा पाऊस कसा, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले, की गेल्या अनेक दशकांचा पाऊस पाहता कोणत्या काळात पेरले तर धोका कमी? आणि हे शोधताना तिथल्या शेतकऱ्यांना बरोबर घेतले. प्रश्न बदलला, की न सुटणारा भाग बाजूला राहतो आणि सुटणारा हाती येतो.

किल्लारीच्या भूकंपाचा धडाही हाच आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसे घरातल्या घरात गाडली गेली. आदल्या वर्षी त्या भागात लहान धक्के बसले होते. पण असे धक्के कित्येक ठिकाणी बसतात आणि विरून जातात. यातला कोणता मोठ्याची नांदी आहे हे आजही कोणाला सांगता येत नाही. तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला. आता असे निर्धास्त कोणीच नाही, असे त्या नकाशाने मान्य केले. भूकंप कधी होईल हे कळत नाही. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे असलेले घर भूकंपात काय करते, हे पक्के कळते. जे कळत नाही त्याची तारीख मागत बसायचे, की जे कळते त्यावरून घर बांधायचे?

इटलीतल्या लाक्विला शहरात एप्रिल २००९ मध्ये भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसे गेली. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी तिथे तज्ज्ञांची बैठक झाली होती आणि लोकांच्या कानी धीराचे शब्द गेले होते. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. भूकंप सांगता आला नाही हा कोणाचाच गुन्हा नव्हता. घात झाला तो जे माहीत नाही त्याबद्दल दिलासा दिला गेल्याने. लोक दिलासा मागतात आणि तज्ज्ञ तो देऊन टाकतात, तेव्हा दोघेही धोक्यात येतात.

ही झाली सार्वजनिक बाजू. एकेकट्याच्या आयुष्यातही हेच चालते. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये एक दुर्मीळ कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले, की या रोगाचे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात. दुसरा कोणी तिथेच कोसळला असता. गूल्ड यांनी उरलेल्या निम्म्यांचा विचार केला. आठ महिन्यांनंतरचे आयुष्य किती लांब पसरू शकते हे पाहिले आणि आपण त्या लांब टोकाकडे असण्याची शक्यता बरी आहे असे ओळखले. ते आणखी वीस वर्षे जगले, लिहीत राहिले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले. आपण किती जगू हे त्यांना आठ महिन्यांच्या आकड्याने सांगितले नाही, आणि त्या न सांगण्यातच त्यांना धीर सापडला. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज कोणाचे तरी रिपोर्ट ठेवलेले आहेत. त्यांतले आकडे वाचताना ही पद्धत उपयोगी पडेल.

आपल्या परंपरेत याला आधार आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त सृष्टी कशी झाली हे विचारत जाते आणि कदाचित वर बसलेल्यालाही ते ठाऊक नसेल, या शंकेवर थांबते. धर्मग्रंथाने असा शेवट करावा याला धाडस लागते. जैनांचा स्याद्वाद प्रत्येक विधान एका बाजूने, एका मर्यादेत खरे मानतो, आणि काही गोष्टी सांगताच येत नाहीत यासाठीही जागा ठेवतो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ च्या एका लेखात या स्याद्वादाचे संभाव्यतेच्या आधुनिक विचाराशी नाते दाखवले. हेच महालनोबिस १९२२ ते १९२६ या काळात कलकत्त्याच्या अलिपूर वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ होते आणि ओडिशाच्या पुरांचा त्यांनी आकड्यांनिशी अभ्यास केला होता. नदीचे पात्र वर आले म्हणून पूर येतात, असे अभियंते ठामपणे म्हणत होते. नोंदी पाहून महालनोबिस यांनी ते तसे नाही असे दाखवले. 'कदाचित'ला मान देणारा माणूस गुळमुळीत बोलतो असे नाही. पुरावा असेल तिथे तो इतरांहून ठाम बोलू शकतो.

तेव्हा मी ज्या समाधानाबद्दल बोलतो आहे ते कोणते? 'सगळे दैवाधीन आहे, मग कशाला बघा' असे म्हणून हात झटकणारे ते नाही. 'आमच्याकडे सगळ्याचे उत्तर आहे' असे सांगणाऱ्याच्या पायाशी बसून मिळणारेही नाही. पहिल्यात कष्ट वाचतात, दुसऱ्यात विचार वाचतो, आणि दोन्हींची किंमत पुढे कधी तरी मोजावी लागते. मी म्हणतो ते समाधान काम करून मिळते. मोजता येईल तेवढे मोजले, मोजण्यात चूक किती हेही मोजले, त्या चुकीला पुरेल अशी व्यवस्था लावली, आणि मग रात्री झोपलो. उरले ते माझ्या हातात नाही, हे मी आता माहितीच्या आधारावर म्हणतो. यात अधिक विचारण्याची ओढ मरत नाही. नॉर्मंड यांच्यानंतरही लोकांनी शोधणे थांबवले नाही, आणि म्हणून तर आपण १८८६ च्या बर्फावरून इथवर आलो.

शेवटी काही मागण्या करतो आणि थांबतो. वर्तमानपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या संपादकांनी अंदाजाचा आकडा देताना त्याची चूक त्याच मथळ्यात, तेवढ्याच ठळक टायपात द्यावी. शाळांनी मुलांना सरासरीबरोबर विखुरणेही शिकवावे, आणि "मला माहीत नाही" या उत्तराला शून्य न देता पुढे काय शोधशील एवढे विचारावे. तज्ज्ञांनी लोकांच्या आग्रहाला बळी पडून हवा तो दिलासा देऊ नये. सरकारने चुकीचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. आणि आपण श्रोत्यांनी, मग समोर हवामानतज्ज्ञ असो, डॉक्टर असो, गुंतवणुकीचा सल्लागार असो की ज्योतिषी, प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: "तुमचे आजवर किती वेळा चुकले?" ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत असेल त्याचे ऐकावे. ज्याचे कधीच चुकले नाही, त्याला नमस्कार करून घरी यावे.